टाचेची तपासणी: राहिलेल्या बाळांची यादी कुणाकडे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमधल्या एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहात महिन्याला सव्वाशेच्या आसपास बाळंतपणं होतात. नवजात बाळांच्या टाचेतून रक्त घेऊन जन्मजात आजारांची तपासणी सुरू होऊन दीड वर्ष झालं. तरी शंभरातली दहा-बारा बाळं राहून जातात, आणि काहींचे रिपोर्ट इतके उशिरा येतात की घरची मंडळी बाळाला घेऊन गावी पोचलेली असतात. ट्रस्टी म्हणतात, जास्त आजारांचं मोठं पॅकेज घेऊ. इन्चार्ज सिस्टर विचारतात, नक्की काय बदलू?

ताई, पॅकेजचं नंतर बघू. आधी मला सांगा, ती दहा-बारा बाळं कोणती? तुमचं रजिस्टर मी पाहिलेलं नाही, तरी अंदाज सांगतो. जन्मल्याबरोबर नर्सरीत गेलेली, तुमच्याकडून एमवाय किंवा चाचा नेहरू या मोठ्या रुग्णालयांत पाठवलेली, शनिवारी दुपारी जन्मून रविवारी संध्याकाळी घरी गेलेली, जुळ्यांतलं दुसरं, आणि 'लामा' करून, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून, नेलेली. सिझेरियनची बाई चार-पाच दिवस वॉर्डात असते, तिच्या बाळाची टाच कुणीही सवडीने टोचू शकतं. म्हणजे झालेली बाळं सोपी होती म्हणून झाली. राहिलेल्यांत अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, आजारी आणि गरीब घरची बाळं जास्त असणार, आणि तपासणीची खरी निकड तिथेच असते. म्हणून '८८ टक्के झाली' या आकड्यावर मी खूश होत नाही.

थोडा हिशोब करू. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) देशातल्या वेगवेगळ्या महानगरांतल्या केंद्रांत एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, तेव्हा जन्मजात थायरॉइडची कमतरता साधारण ११३० बाळांमागे एकात सापडली. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार, ज्याला आपण सगळे सीएएच म्हणतो, तो साधारण ५७६२ मागे एकात. तुमच्याकडे वर्षाला दीड हजार बाळं जन्मतात. म्हणजे दरवर्षी थायरॉइडचं एखादं तरी बाळ तुमच्या लेबर रूममध्ये जन्मत असणार. वर्षाला पावणेदोनशे बाळं सुटत असतील तर सहा-सात वर्षांत त्यातलं एक निसटेल. ते दोन वर्षांचं होऊन चालत-बोलत नाही म्हणून दुसऱ्याच कुणाच्या ओपीडीत येईल, आणि ते तुमच्याकडे जन्मलं होतं हे तुमच्या कानावरही येणार नाही. या कामात चूक झाली तर तक्रार येत नाही, म्हणून ती दुरुस्तही होत नाही.

वेळेचं गणित मी नव्या सिस्टरांना बारशावरून समजावतो. बाराव्या दिवशी बारसं. त्याच्या आत रिपोर्ट हातात हवा, आणि गोळी लागणार असेल तर बारशाच्या आगेमागे सुरू व्हायला हवी. थायरॉइडच्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत औषध मिळालं तर त्याची बुद्धी इतर मुलांसारखी वाढते. उशीर होत जातो तसं नुकसान वाढतं, आणि गेलेलं परत मिळत नाही. सीएएचचं घड्याळ याहून कडक आहे. मीठ वाया जाणाऱ्या प्रकारात बाळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या करतं, वजन उतरतं, गळून जातं. मुलींमध्ये जन्मतः जननेंद्रियं वेगळी दिसू शकतात म्हणून निदान शंका तरी येते. मुलगा दिसायला अगदी नेहमीसारखा असतो, त्याला जंतुसंसर्ग समजून सलाइन लावलं जातं आणि तो हातचा जातो. त्याचा रिपोर्ट विसाव्या दिवशी आला काय आणि न आला काय.

थायरॉइडचं बाळ मात्र काहीच दाखवत नाही. पोटात असताना आईचं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, त्याला थोडंफार मिळालेलं असतं, त्यामुळे जन्मतः बहुतेक बाळं छान दिसतात. पुढचे काही आठवडे ते फार रडत नाही, भरपूर झोपतं, दुधासाठी उठवावं लागतं. आजी कौतुकाने सांगते, "किती गुणी आहे हो, त्रासच नाही." कावीळ जरा लांबते, शी दोन-तीन दिवसांनी होते, बेंबी थोडी वर येते. ही लक्षणं ओळखून निदान करू म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी हात जोडतो. डोळ्यांनी दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते, तपासणी आहे ती त्यासाठीच.

आता मूळ मुद्दा. तुमच्याकडे झालेल्या तपासण्यांचं रजिस्टर आहे. मला राहिलेल्यांचं हवं आहे. झालेल्यांच्या रजिस्टरात न झालेलं बाळ कधीच दिसत नाही, कारण त्याची ओळच नसते. त्यामुळे सुरुवात लेबर रूमपासून करा. बाळाच्या पायाला ओळखपट्टी बांधतो त्याच क्षणी तपासणीचं कोरं कार्ड (ज्याच्या फिल्टर पेपरवर टाचेचं रक्त घेतो ते) काढायचं, त्यावरचा छापील नंबर लेबर रूम रजिस्टरच्या नव्या रकान्यात लिहायचा, आईचं नाव आणि जन्मवेळ कार्डावर भरायची आणि कार्ड वॉर्डातल्या एका ट्रेमध्ये ठेवायचं. जुळी असतील तर दोन कार्डं, त्यावर १ आणि २, पायातल्या पट्टीवरही तेच. बाळ जन्मलं आणि कार्ड नाही असं होताच कामा नये. ट्रेमधलं प्रत्येक रिकामं कार्ड म्हणजे राहिलेलं बाळ. सकाळी ड्यूटी बदलताना रात्रीच्या सिस्टरने ती कार्डं हातात घेऊन मोठ्याने वाचायची: अमकीचं बाळ, आज किती तास झाले, कधी टोचायचं. पाच मिनिटं लागतात. सॉफ्टवेअर घ्यायचं तर जरूर घ्या, पण ट्रे काढू नका. सॉफ्टवेअर उघडायला माणूस लागतो, ट्रे समोरच असतो.

दुसरी गाठ बिलिंग काउंटरवर मारा. डिस्चार्जच्या कागदावर कार्ड नंबर आणि रक्त घेतल्याची तारीख-वेळ नसेल तर अंतिम बिल बनत नाही, एवढा नियम पुरतो. काउंटरवरच्या माणसाला थायरॉइड म्हणजे काय हे माहीत नसलं तरी चालतं, त्याला रिकामा रकाना दिसतो. डॉक्टरांच्या आठवणीवर चालणारी व्यवस्था डॉक्टर सुटीवर गेले की बंद पडते.

टोचायचं कधी? सगळ्यात चांगली वेळ ४८ ते ७२ तास. जन्मानंतर पहिल्या दिवशी बाळाचा टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) आपोआप उसळतो आणि मग हळूहळू उतरतो, त्यामुळे २४ तासांच्या आत घेतलेल्या रक्तात निरोगी बाळंही पॉझिटिव्ह दिसतात आणि पुन्हा बोलावण्याचा ताप होतो. पण नॉर्मल बाळंतपणाची बाई ४८ तास थांबायला तयार नसते हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. सरकारी सूचनाही ४८ तास ठेवा असंच सांगतात, आणि ते फक्त टाचेसाठी नाही. कावीळ, अंगावर पिणं, आईचा रक्तस्राव हे सगळं त्याच दोन दिवसांत कळतं. थांबवता येईल तितकं थांबवा. नाहीच थांबली तर जायच्या वेळी, जितके तास झाले असतील तितके, रक्त घेऊनच सोडा. कार्डावर तास स्पष्ट लिहा, आणि २४ च्या आत असेल तर त्याच क्षणी दुसऱ्या नमुन्याची तारीख देऊन ते बाळ राहिलेल्यांच्या यादीतच ठेवा. लवकर घेतलेला नमुना अपुरा असतो, पण अजिबात न घेतलेल्यापेक्षा बरा. लामा करून रात्री दोनला निघालेल्या नातेवाइकांशी वाद घालण्यात वीस मिनिटं जातात, टाच टोचायला पाच.

नाळेच्या रक्तातून टीएसएच करण्याची पद्धतही आपल्याकडे मान्य आहे. तिचा मोठा फायदा म्हणजे एकही बाळ सुटत नाही, नाळ तर प्रत्येकाची कापावीच लागते. पण त्यातून सीएएच कळत नाही, दुधावर वाढल्यावर दिसणारे चयापचयाचे विकारही नाहीत. तुमच्याकडे निम्म्या बाया २४ तासांत जात असत्या तर मी नाळेचाच सल्ला दिला असता. शंभरातल्या दहा-बाराच सुटतात, तेव्हा टाचेवर राहा. दोन्ही पद्धती एकदम चालवू नका, आकड्यांच्या मर्यादा वेगळ्या असतात आणि गोंधळ ठरलेला.

अपुऱ्या दिवसांच्या आणि फार कमी वजनाच्या बाळांचा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी काम संपत नाही. त्यांची थायरॉइडची यंत्रणाच कच्ची असते, टीएसएच उशिरा चढतो. त्यांचा दुसरा नमुना दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचाच. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचाही घ्या, पोटात असताना एकाचं रक्त दुसऱ्यात मिसळून आजार झाकला जाऊ शकतो. आणि कुठल्याही बाळाला रक्त द्यायची वेळ आली तर आधी कार्ड भरा, मग पिशवी लावा. नंतर घेतलेल्या नमुन्यात जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) आणि हिमोग्लोबिनचे आकडे रक्तदात्याचे येतात.

पाठवलेलं बाळ ही सगळ्यात मोठी गळती. तुमच्याकडून अँब्युलन्स सुटली की तुमच्या लेखी विषय संपतो, आणि तिकडच्या युनिटला वाटतं जन्म जिथे झाला तिथे टाच झाली असेल. रेफरल चिठ्ठीवर लाल शाईने लिहा, 'टाचेचा नमुना घेतलेला नाही', किंवा घेतला असेल तर कितव्या तासाला. कोरं कार्डही सोबत पाठवा, आणि त्याचा नंबर लिहिलेला एक कागद तुमच्या ट्रेमध्ये राहू द्या. तिसऱ्या दिवशी तिकडे फोन. तिकडून 'झालं' असं ऐकेपर्यंत ते बाळ तुमचंच.

आता प्रत्यक्ष टोचण्याबद्दल, कारण परत आलेल्या नमुन्यांत निम्मे तरी हाताच्या चुकीने वाया गेलेले असतात. टाच आधी कोमट पाण्याच्या फडक्याने दोन-तीन मिनिटं शेकायची, फार गरम नको, स्वतःच्या मनगटावर लावून बघायचं. बाळ आईच्या मांडीवर, अंगावर पीत असेल तर उत्तम, पाय खाली लोंबता. तळव्याच्या मागच्या भागाची बाहेरची किंवा आतली कड निवडायची. मध्यभागी आणि टाचेच्या गोल टोकावर टोचायचं नाही, तिथे हाड जवळ असतं. स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. पोव्हिडोन आयोडीन अजिबात नको, आयोडीनमुळेच टीएसएच वर जातो. लॅन्सेट नवजातासाठीचं, २ मिलिमीटरपेक्षा खोल न जाणारं. पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाकायचा. दुसरा थेंब मोठा होऊ द्यायचा, कागद नुसता टेकवायचा, वर्तुळ एकाच थेंबात भरून मागच्या बाजूला उमटायला हवं. थेंबावर थेंब टाकायचा नाही, मागून भरायचं नाही, टाच पिळायची नाही. पिळली की रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडे खोटे येतात. नवीन मुली घाईत पाचही वर्तुळं अर्धी-अर्धी भरतात. त्यापेक्षा तीन पूर्ण भरलेली बरी.

मग वाळवणं. कार्ड आडवं, वर काही न ठेवता, तीन-चार तास सावलीत. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीत वाळत घातलेलं कार्ड मी अनेकदा पाहिलं आहे. उष्णतेने जी-सिक्स-पीडीचं एन्झाइम मरतं आणि निरोगी बाळ दोषी ठरतं. पावसाळ्यात उलट, दमट हवेत कार्ड वाळतच नाही आणि ओलंच पाकिटात गेलं की डाग पसरतो. सिलिका जेलची पुडी टाका आणि ती गुलाबी पडली की बदला.

फिल्टर पेपरवर रक्ताचा थेंब वाळवून पाठवायची ही पद्धत अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. तिची सगळी करामत हीच की नमुना साध्या टपालाने दूरच्या प्रयोगशाळेत जाऊ शकतो. आपण मात्र त्या टपालातच अडकतो. तुमचे रिपोर्ट उशिरा येतात त्याचं कारण लॅबमध्ये शोधायच्या आधी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये शोधा. कुरियरचा खर्च वाचावा म्हणून पंधरा-वीस कार्डं जमेपर्यंत थांबायची सवय बहुतेक ठिकाणी असते. शहरातल्याच एका नर्सिंग होममधली गोष्ट, नाव नको. मुलीची टाच तिसऱ्या दिवशी नीट टोचली, कार्ड उत्तम भरलं, आणि ते गठ्ठा पूर्ण होण्याची वाट बघत पडून राहिलं. मध्ये रंगपंचमी आली. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याच्या बाजूला माणूस शिरत नाही, तिथे कुरियरवाला कुठून येणार? रिपोर्ट आला तेव्हा मुलगी चोवीस दिवसांची होती. लॅबने फोन लावला तो कार्डावरच्या नंबरावर, तो निघाला मामाचा, आणि मामा कामाला सुरतेला. घरच्यांपर्यंत निरोप पोचायला आणखी तीन दिवस. कुणी आळस केला नव्हता, प्रत्येकाने आपापलं काम केलं होतं.

त्यामुळे रोज पाठवायचं. एकच कार्ड असलं तरी. सकाळी वाळलेलं दुपारच्या कुरियरने गेलं पाहिजे, आणि पाठवलेल्या कार्डांचे नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर लॅबला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांनी 'मिळाली' म्हणून उलट कळवायचं. एखादं हरवलं तर ते तेव्हाच कळतं, रिपोर्टची वाट बघताना नाही. दिवाळी, रंगपंचमी, अनंत चतुर्दशी या दिवसांसाठी आधीच पर्याय ठरवून ठेवा, लॅबचा शहरात संकलन करणारा माणूस असेल तर त्याचा नंबर भिंतीवर लावा. लॅबशी करार करताना किमतीच्या आधी तीन गोष्टी विचारा: कार्ड मिळाल्यापासून किती तासांत निकाल, धोक्याचा आकडा आला तर रविवारीही फोन करता का, आणि टीएसएचचा आकडा पूर्ण रक्ताचा देता की सीरमचा? यात साधारण २.२ पटीचा फरक पडतो. एका लॅबचा २० आणि दुसरीचा २० सारखे नसतात, हे माहीत नसलेले डॉक्टर कमी नाहीत.

पत्ता आणि फोन हा आपल्या समाजाचा खास प्रश्न. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव नोंदवलं सासरच्या आधार कार्डावरून, पत्ता पुण्याचा, फोन नवऱ्याचा आणि नवरा बंगळुरूला, बाळ मात्र राजेंद्रनगरला किंवा देवासला आजीकडे. म्हणून अ‍ॅडमिशनच्या वेळी 'पत्ता काय' असं विचारू नका. 'पुढचे पंधरा दिवस बाळ कुठे असेल आणि तिथे फोन कोण उचलतं' असं विचारा. दोन नंबर घ्या आणि तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन वाजतो का बघा. धार, झाबुआ, अलिराजपूरकडून कामाला आलेल्या कुटुंबांचा फोन महिन्याभरात बदलतो, तिथे ठेकेदाराचा किंवा गावच्या आशा कार्यकर्तीचा नंबर जास्त टिकतो. आशा बाळाला घरी बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, तसं तिचं वेळापत्रकच आहे. तिला टाच टोचायची नाही, फक्त कार्ड बघायचं आहे. डिस्चार्ज कार्डावर हिंदीत मोठा शिक्का मारा: तपासणी झाली, राहिली, की पुन्हा बोलावलं आहे. तिसऱ्या दिवशी ते वाचून तिने बाळ परत पाठवलं तर अजून काहीच बिघडलेलं नसतं. बाळाला तेव्हा नाव नसतं, बारशानंतर रिपोर्ट कुणाचा हे जुळत नाही, म्हणून कार्डाचा नंबर एमसीपी कार्डावरही (आई-बाळाच्या सरकारी नोंदकार्डावर) उतरवून द्या.

पुन्हा बोलावण्याचा फोन कुणी करायचा हे ठरलेलं असावं आणि तो रिसेप्शनवरून जाऊ नये. मी सिस्टरांना असं बोलायला सांगतो: "मावशी, बाळ चांगलं आहे ना? पितंय ना? टाचेच्या रक्तात थायरॉइडचा एक आकडा जास्त आलाय. तो खरा आहे की नुसता दिसतोय हे बघायला हातातून थोडं रक्त घ्यायचंय. खरा निघाला तर रोज एक छोटी गोळी, बाळ इतर मुलांसारखंच वाढतं. पण आजच या, उद्या नको." 'काहीतरी दोष आहे' हे शब्द वापरायचे नाहीत, आणि 'काळजीचं काही नाही' हेही नाही, नाहीतर ते पुढच्या आठवड्यात येतात. समोरून ठरलेलं उत्तर येतं: सव्वा महिना बाळाला बाहेर काढत नाही. त्याच्याशी भांडू नका. आजीला फोनवर घ्या, कारण घरात तिचाच शब्द चालतो, आणि कुणीतरी घरी येऊन रक्त घेईल अशी सोय करा. एका फेरीचा खर्च ट्रस्टला परवडतो. संध्याकाळपर्यंत नाही आले तर दुसरा फोन, दुसऱ्या दिवशी आशा.

पक्क्या तपासणीत शिरेतल्या रक्ताचा टीएसएच आणि फ्री टी-फोर (रक्तातलं प्रत्यक्ष थायरॉइड हार्मोन). टाचेचा आकडा ४० च्या वर असेल तर बालरोगतज्ज्ञ शिरेतलं रक्त घेऊन, रिपोर्टसाठी दिवस न घालवता, गोळी सुरू करतात. मात्रा किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या बाळाला २५ मायक्रोग्रॅमची दीड गोळी. रोज चुरून, चमच्यात आईच्या चार थेंब दुधात. बाटलीत मिसळायची नाही, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या औषधाबरोबर नाही. पहिली गोळी तुमच्यासमोर द्यायला लावा. चुरा चमच्याला चिकटून राहतो, ते तेव्हाच लक्षात येतं.

आता ट्रस्टींचं मोठं पॅकेज. माझं मत स्पष्ट आहे: पन्नास आजारांचं पॅकेज चाळीस टक्के बाळांना देण्यापेक्षा तीन आजारांची तपासणी सगळ्यांना द्या. थायरॉइड, सीएएच आणि जी-सिक्स-पीडी. आपल्या देशात सगळ्या बाळांसाठी सक्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. गोव्याने २००८ मध्ये सुरुवात केली, केरळात सरकारी दवाखान्यांत होते, इतरत्र बहुतेक ठिकाणी ज्या त्या प्रसूतिगृहाच्या मर्जीवर आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात थायरॉइडचा समावेश आहे, पण टाच टोचून कार्ड पाठवायला शेवटी तुमच्यासारखं कुणीतरी लागतं. तपासणी ऐच्छिक ठेवून वेगळे पैसे लावले की ज्याला परवडत नाही तो 'नको' म्हणतो, आणि तुमची यादी कधीच भरत नाही. ती बाळंतपणाच्या खर्चातच धरा. मोठ्या पॅकेजसाठी काढलेले पैसे तिकडे वळवायला ट्रस्टींना सांगा. घरात आधीचं मूल कारण न कळता गेलं असेल किंवा आईबाप नात्यातले असतील तर मात्र विस्तृत तपासणी जरूर करा.

झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानीकडच्या कुटुंबांच्या बाळांसाठी त्याच कार्डावर सिकलसेल जोडा. २०२३ मध्ये शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाल्यापासून तपासणी वाढली आहे, पण गावोगावी होणारी सोल्युबिलिटीची चाचणी नवजाताला चालत नाही. सहा महिन्यांच्या आत रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन इतकं असतं की ती फसवते. कार्डावरून एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी) सांगा. आजार असलेल्या बाळाला दोन महिन्यांपासून पेनिसिलिन सुरू करता येतं.

त्याच ट्रेमधल्या कार्डामागे आणखी दोन चौकटी आखा. एक हृदयाच्या जन्मजात दोषासाठी: २४ तासांनंतर उजव्या हाताचं आणि एका पायाचं ऑक्सिजन, दोन्ही ९५ टक्के किंवा वर आणि फरक ३ पेक्षा जास्त नको. आणि कानाची तपासणी, पहिल्या महिन्याच्या आत. नर्सरीत पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाला नुसती ओएई (आतल्या कानाची साधी चाचणी) पुरत नाही, एबीआर (कानापासून मेंदूपर्यंतची नस तपासणारी) लागते.

जी-सिक्स-पीडीचा रिपोर्ट येईपर्यंत एक गोष्ट प्रत्येक आजीला सांगा. ट्रंकेतली जुनी दुपटी, कुंची, गोधडी थेट बाळाला घालू नका. डांबराच्या गोळ्यांचा वास ज्या कपड्यांना आहे ते आधी धुऊन कडक उन्हात दोन दिवस. ही कमतरता असलेल्या बाळात त्या वासाने रक्तपेशी फुटतात आणि कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. मायेने जपून ठेवलेली दुपटी असतात, नाराज होतात, पण ऐकतात.

सुरुवात येत्या सोमवारी करा. मागच्या तीन महिन्यांचं लेबर रूम रजिस्टर आणि कार्डांचं रजिस्टर शेजारी ठेवून ओळ-ओळ जुळवा. ज्यांच्यापुढे कार्ड नाही किंवा रिपोर्ट आलेला नाही, त्या चाळीस-पन्नास बाळांची नावं निघतील. त्यांना त्याच दिवशी फोन करा. जी उचलणार नाहीत ती दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला कुठेतरी येणारच, तुमच्याकडे येत असतील तर लसीच्या टेबलावर ती यादी चिकटवून ठेवा आणि बाळ आलं की थायरॉइडसाठी रक्त घ्या. उशीर झाला आहे म्हणून सोडू नका, तीन महिन्यांच्या बाळालाही गोळीचा फायदा होतो.